जबड्याच्या दुखण्यावर बोटॉक्स: आधी ठरवा, दुखतंय स्नायू की सांधा

प्रश्न थोडक्यात असा: वय 34. दोन वर्षांपासून तोंड उघडताना उजव्या कानापुढे 'कट' असा आवाज येतो. सकाळी उठल्यावर दोन्ही गाल आणि कानशिलं जड, ठणकणारी. कडक काही चावलं की दुखणं वाढतं. झोपेत दात खाता, असं घरचे सांगतात. चार महिने नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) वापरून थोडाच फरक पडला. आता दंतवैद्यांनी गालात आणि कानशिलात बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली आहेत. आवाज थांबेल का, सांधा बरा होईल का, धोका किती, आणि एकदा घेतलं की कायम घेत राहावं लागेल का?

आवाज थांबणार नाही. सांधाही बरा होणार नाही, कारण हे औषध सांध्यात जातच नाही. ते चावण्याच्या स्नायूंत जातं. सकाळचं जडपण आणि ठणका कमी होण्याची शक्यता आहे, साधारण तीन ते चार महिन्यांपुरती. देणारा हात सरावाचा आणि डोस बेताचा असेल तर धोका कमी, पण शून्य नाही. कायम घेत राहावं लागत नाही. उलट तशी वेळ येऊ लागली तर निदानात काहीतरी निसटलं आहे, असं मी समजतो.

मी जबडा आणि चेहऱ्याचा शल्यचिकित्सक आहे. ही इंजेक्शनं मी स्वतः देतो. तरीही 'बोटॉक्स द्या' म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांना पहिल्या भेटीत मी ते देत नाही. त्यामागची कारणं सांगतो, म्हणजे तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते तुम्हालाच ठरवता येईल.

दुखतंय नेमकं कोण?

'टीएमजेचा', म्हणजे जबड्याच्या सांध्याचा, 'त्रास' हे एक नाव आहे, पण त्याखाली निदान तीन-चार वेगळे आजार राहतात. कानापुढचा सांधा म्हणजे कवटीतली एक खोबण, तिच्यात बसणारं खालच्या जबड्याचं टोक आणि दोघांच्या मध्ये एक तंतुमय चकती. या सांध्याला हलवणारे मुख्य स्नायू चार: गालातला मॅसेटर, कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेंपोरॅलिस, आणि आतल्या बाजूचे दोन टेरिगॉइड. दुखणं स्नायूत असू शकतं, सांध्याच्या आवरणात असू शकतं, चकती जागेवरून सरकल्याने असू शकतं, सांध्याचं हाड झिजल्याने असू शकतं. अनेकांत यातली दोन एकत्र असतात. तुमच्यातही बहुधा तसंच आहे.

आवाजाचं आधी बघू. तोंड उघडताना 'कट', मिटताना पुन्हा हलकं 'कट', हे चकती पुढे सरकल्याचं आणि उघडताना ती टोकावर परत चढत असल्याचं लक्षण. जबडा दुखत नसलेल्या माणसांना तपासलं तरी त्यांतल्या बऱ्याच जणांच्या सांध्यात असा आवाज सापडतो. दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, मध्येच अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. हे ऐकून रुग्ण नाराज होतात, कारण आवाज त्यांना रोज ऐकू येतो आणि भीती वाटते. पण बिजागरी कुरकुरते म्हणून दार ढकलणाऱ्याच्या हातातली ताकद काढून घेतली, तर कुरकुर थांबत नाही. मॅसेटर सैल करून चकती जागेवर येत नाही, तसंच हे.

एक मात्र लक्षात ठेवा. आवाज एखाद्या दिवशी अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासं झालं, तर ती चांगली बातमी नाही. चकती पुढेच अडकली आहे. एरवी प्रौढ माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातील इतकं. अडकलेला जबडा पहिल्या काही दिवसांत सोडवणं सोपं असतं. महिने गेले की हाताने सोडवता येत नाही आणि कधी सांधा सुईने धुऊन काढावा लागतो. त्यावर बोटॉक्स हा पहिला उपाय नव्हे.

आता स्नायूंचं. जगभर आज ज्या निकषांनी हे निदान करतात ते 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: तपासणीत 'ओळखीचं दुखणं' विचारायचं. मॅसेटर आणि टेंपोरॅलिसवर बोटाने साधारण एक किलोचा दाब द्यायचा, काही सेकंद धरायचा, आणि विचारायचं, 'दुखलं का?' एवढ्यावर थांबायचं नाही; 'घरी दुखतं ते हेच का?' असंही विचारायचं. जोरात दाबलं तर गाल कुणाचाही दुखेल. दाबल्यावर रुग्ण चमकून 'हेच, हेच ते' म्हणाला, तर स्नायूचं निदान पक्कं व्हायला लागतं. मॅसेटरमधली कळ खालच्या दाढेत किंवा कानात उमटते, टेंपोरॅलिसची वरच्या दातांत आणि डोक्यात. त्यापायी निरोगी दाढांचं रूट कॅनाल झालेले रुग्ण मला नेहमी भेटतात.

घरी करून बघता येईल अशी एक साधी गोष्ट: दात घट्ट आवळा आणि दोन्ही हातांची बोटं गालावर, जबड्याच्या कोनाच्या जरा वर ठेवा. टणक फुगतो तो मॅसेटर. दात सोडा आणि तोच भाग चाचपा. दुखरी जागा तिथे आहे की त्याच्या वर, अगदी कानाच्या भोकापुढे, तोंड उघड-मिट करताना सरकणाऱ्या टोकावर आहे? पहिली असेल तर स्नायू, दुसरी असेल तर सांधा. अर्थात हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना नेमकं सांगायला मदत होते.

तुमच्या वर्णनात सकाळचा जडपणा, दोन्ही बाजूंचे गाल, कानशिलं आणि चावताना वाढणारं दुखणं हे सगळं स्नायूकडे बोट दाखवतं. उजवीकडचा आवाज वेगळा प्रवासी आहे. दोघं एकाच डब्यात बसलेत एवढंच.

काही दुखणी जबड्याची वाटतात आणि नसतात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, चावताना जबडा थकून थांबावंसं वाटलं, डोळ्यांपुढे अंधूक झालं, तर कानशिलातल्या धमनीचा दाह असू शकतो. तो वेळेत ओळखला नाही तर दृष्टी जाऊ शकते. तोंड हळूहळू कमी उघडत जाणं, चेहऱ्याचा भाग बधिर होणं, गाठ, वजन घटणं, ताप, यांतलं काही असेल तर इंजेक्शनाचा विषय बाजूला ठेवून आधी स्कॅन. श्रम केल्यावर जबड्यात कळ येऊन विश्रांतीने थांबत असेल, तर हृदय तपासायचं.

हे औषध करतं काय

बोटॉक्समधलं औषध, बोट्युलिनम, हे जिवाणूपासून मिळणारं विष आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जर्मनीत 1820 च्या सुमारास यूस्टिनुस केर्नर या डॉक्टरने खराब सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या माणसांची बारीक वर्णनं लिहिली, आणि हेच विष अगदी थोड्या मात्रेत अतिचपळ स्नायू शांत करायला वापरता येईल असा तर्कही मांडला. जिवाणू सापडला तो 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका विषबाधेनंतर, एमिल व्हान एर्मेंगेम यांना. औषध म्हणून ते माणसाला दिलं अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी, तिरळेपणासाठी. तिथल्या औषध प्रशासनाची पहिली परवानगी 1989 ची. सुरकुत्यांसाठीची परवानगी 2002 मध्ये मिळाली, म्हणजे बरीच नंतर. सौंदर्याचं औषध जबड्यासाठी का देतात, असं विचारणाऱ्यांना मी हा क्रम सांगतो.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, तेव्हा स्नायू आकुंचन पावतो. त्या रसायनाच्या पिशव्या बाहेर पडायला एका प्रथिनाची मदत लागते. ए प्रकारचं बोट्युलिनम ते प्रथिन तोडतं. तंतू मरत नाही, स्नायू मरत नाही, फक्त निरोप पोचत नाही. तंतू हळूहळू सावरतो आणि ताकद परत येते. परिणाम तीन ते सात दिवसांत जाणवू लागतो, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण होतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. स्नायू सैल होण्याखेरीज वेदनेचे संदेश नेणारी काही रसायनंही त्यामुळे कमी सुटतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून काहींना चावण्याचा जोर फारसा कमी न होताही दुखणं हलकं वाटतं.

दात खाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे. झोपेतलं दात खाणं मेंदूतून येतं, गालातून नव्हे. झोपेत नोंदी घेऊन बघितलं तेव्हा इंजेक्शनानंतर आवळण्याचा जोर कमी झालेला दिसला. आवळण्याच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या नाहीत. तेव्हा 'बोटॉक्स घेतलं, आता गार्ड नको' हा हिशोब चुकीचा. दातांच्या झिजेपासून वाचवायचं काम गार्डचंच राहतं.

पुरावा काय म्हणतो

इथे मी माझ्याच व्यवसायातल्या काही लोकांना नाराज करणार आहे. जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठी या औषधाला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता नाही. डॉक्टर ते मान्य यादीबाहेरचा वापर म्हणून देतात. असा वापर बेकायदा नसतो, वैद्यकात तो सर्रास चालतो, पण रुग्णाला हे आधी सांगायला हवं.

अभ्यासांचे निकाल एका दिशेने जात नाहीत. चिवट स्नायुदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये 'पेन' या नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत त्याच रुग्णांना आळीपाळीने बोट्युलिनम आणि नुसतं सलाइन दिलं. दोघांत रुग्णाला उपयोगी पडेल असा फरक आढळला नाही. दुसऱ्या काही चाचण्यांत सलाइनपेक्षा बोट्युलिनम सरस ठरलं, पण तोंडात घालायच्या स्प्लिंटपेक्षा सरस ठरलं नाही. 2023 च्या डिसेंबरमध्ये 'बीएमजे'मध्ये जुनाट जबडादुखीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आली. तिने ठाम शिफारस केली ती व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, वर्तनोपचार आणि नीट समजावून सांगणं यांची. बोट्युलिनम तिने 'शक्यतो नको'च्या यादीत टाकलं. त्याच यादीत काढता-घालता येणारे स्प्लिंटही आहेत, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे तुमच्या नाइट गार्डची बाजूही तितकी भक्कम नाही.

मग मी ते का देतो? मार्गदर्शिका सरासरी रुग्णासाठी असते, आणि 'शक्यतो नको' म्हणजे 'कधीच नको' नव्हे. ज्यांचं निदान स्वच्छ स्नायूचं आहे, ज्यांनी व्यायाम आणि सवयींचं काम मनापासून दोन-तीन महिने केलं आहे, आणि ज्यांचे मॅसेटर खरोखर जाड आणि दुखरे आहेत, त्यांच्यात मला फायदा दिसतो. सरसकट दिलं की निम्मं श्रेय सुईलाच जातं. दुखऱ्या स्नायूत कोरडी सुई टोचली तरी काहींना बरं वाटतं, आणि जुनाट दुखणं चढ-उतारांचं असल्याने चढावर असताना इंजेक्शन घेतलं तर उतार आपोआप येतोच. आपल्याला बरं वाटलं ते कशाने, हे रुग्णाला कळत नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरलाही कळत नाही.

जबड्याच्या सांध्याचा इतिहास घाईने भरलेला आहे, म्हणून मी हा मुद्दा ताणतो. 1980 च्या दशकात सरकलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त रोपणं बसवण्याची लाट आली होती. ती फुटली, त्यांच्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं, आणि 1990-91 मध्ये अमेरिकेत ती परत मागवावी लागली. त्यातले अनेक रुग्ण पुढे वर्षानुवर्षं शस्त्रक्रियांच्या फेऱ्यात अडकले. बोटॉक्स त्या पंक्तीत बसत नाही, कारण ते उतरतं. पण 'करून तर बघू' ही वृत्ती तीच.

कुठे ते खरंच कामाचं

स्नायूच्या चिवट दुखण्याखेरीज तीन जागा अशा आहेत जिथे माझा हात फारसा अडखळत नाही. पहिली, जबडा आणि जीभ आपोआप वाकडी ओढली जाण्याचा मज्जासंस्थेचा विकार, ओरोमँडिब्युलर डिस्टोनिया. तिथे हे मुख्य उपचारांपैकी एक आहे. दुसरी, जांभई देताना जबडा वारंवार निखळणं. सांध्याला पुढे ओढणाऱ्या लॅटरल टेरिगॉइडमध्ये औषध दिलं की तो ओढा कमी होतो, विशेषतः शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांत किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेल्यांत. तिसरी, मॅसेटर इतके वाढलेले की चेहरा चौकोनी दिसतो. तिथे दुखणं असो वा नसो, आकार नक्की उतरतो.

आणखी एक जागा बऱ्याचदा नजरेआड होते. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल आणि त्यात मायग्रेनचे दिवस असतील, तर ते जुनाट मायग्रेन असू शकतं. त्यासाठी बोटॉक्सला 2010 पासून मान्यता आहे, आणि त्या ठरलेल्या पद्धतीत 31 जागी 155 युनिट देतात. टेंपोरॅलिस त्यात येतोच. तुमची कानशिलं दुखतात म्हणून विचारतो: उलटी आल्यासारखं होतं का, उजेड-आवाज सहन होत नाही का? होत असेल तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. गालात टोचून मायग्रेन जाणार नाही.

इंजेक्शन देतात कसं

औषध कोरड्या भुकटीच्या रूपात, थंड साखळीत येतं. वापरायच्या आधी त्यात सलाइन मिसळतात. 100 युनिटच्या कुपीत 2 मिली घातलं तर 0.1 मिलीमध्ये 5 युनिट येतात. मॅसेटरमध्ये एका बाजूला सहसा 25 ते 30 युनिट, फार जाड असेल तर 50 पर्यंत. टेंपोरॅलिसमध्ये एका बाजूला 10 ते 25. हे आकडे बोटॉक्स या ब्रँडचे. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचं युनिट वेगळं आहे, तिथे आकडा साधारण अडीच ते तीन पट होतो. एका कंपनीचे युनिट दुसऱ्याच्या युनिटांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, म्हणून कुणाशी डोसची तुलना करताना ब्रँडही विचारा.

मॅसेटरमध्ये कुठे टोचायचं याची एक चौकट आहे. कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत रेषा काढायची. तिच्या वर जायचं नाही, कारण तिथे लाळेची नळी आणि हसण्याचे स्नायू आहेत. खाली जबड्याच्या हाडाची कड, आणि स्नायूच्या पुढच्या-मागच्या कडांपासून एक सेंटिमीटरभर आत. रुग्णाला दात आवळायला लावून खुणा करायच्या, मग दात सोडायला सांगून सुई सरळ खोल न्यायची. तीन ते पाच ठिपके. दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही, फार तर गाल थोडा दुखरा राहतो. लॅटरल टेरिगॉइड मात्र खोलवर आहे. त्याच्या आजूबाजूला मोठी धमनी आणि शिरांचं जाळं. तिथे स्नायूचे विद्युतसंकेत दाखवणारं यंत्र किंवा सोनोग्राफीशिवाय सुई घालणं मला पटत नाही. साध्या गालदुखीसाठी तिथे जायची गरजही नसते. तुमचे डॉक्टर गाल आणि कानशील एवढंच म्हणत असतील तर ते योग्य आहे.

काय बिघडू शकतं

सगळ्यात जास्त आढळतं ते चावताना लवकर थकणं. एक-दोन आठवड्यांनी कडक पदार्थ नकोसे वाटतात. पुढच्या काही आठवड्यांत इतर स्नायू भार घेतात. औषध पुढे पसरलं तर हसताना तोंडाचा एक कोपरा कमी वर जातो. हे सहसा काही आठवड्यांत ओसरतं, पण तोवर प्रत्येक फोटोत दिसतं. चावताना गालात एखादा गोळा टणक फुगून यायला लागला, तर स्नायूचा खोलचा किंवा वरचा थर औषधातून सुटला असं समजायचं. नेमक्या जागी थोडं औषध देऊन तो बसवता येतो. गाल बारीक होणं काहींना हवं असतं, काहींना नको. चाळिशीनंतर, चेहरा मुळात उतरलेला असेल तर गालाची त्वचा लोंबल्यासारखी दिसू शकते, आणि टेंपोरॅलिसमध्ये जास्त दिलं तर कानशील खोलगट दिसतं. खोलच्या टेरिगॉइडमध्ये दिल्यानंतर गिळायला त्रास आणि बोलण्यात नाकातला सूर, हे क्वचित होतं. श्वास किंवा गिळणं बिघडलं तर थेट रुग्णालय गाठायचं. औषध दूरवर पसरण्याबद्दल अमेरिकी प्रशासनाने 2009 पासून वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला आहे.

यापेक्षा मला जास्त विचार करायला लावतं ते हाड. हाड टिकतं ते त्यावर पडणाऱ्या भारामुळे. ससे आणि उंदरांच्या मॅसेटरमध्ये हे औषध दिल्यावर जबड्याच्या टोकातलं हाड विरळ झालेलं वारंवार दिसलं आहे. माणसांतल्या स्कॅनच्या अभ्यासांत काहींत तसे बदल दिसले, काहींत नाहीत. एका फेरीने काही बिघडतं असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं, मोठ्या डोसमध्ये, सौंदर्यासाठी आणि दुखण्यासाठी मिळून टोचून घेणं मला मान्य नाही. हाड ठिसूळ होण्याच्या वयात किंवा सांधा आधीच झिजलेला असताना तर नाहीच.

मायस्थेनिया किंवा तशा स्नायू-मज्जातंतूंच्या आजारात, गरोदरपणात, बाळाला अंगावर पाजत असताना, टोचायच्या जागी संसर्ग असताना हे घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी किंवा अमिनोग्लायकोसाइड गटातलं प्रतिजैविक चालू असेल तर आधी सांगा. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर डिस्पोर्ट चालत नाही.

त्याआधी काय करायचं

चार महिने गार्ड वापरला, असं तुम्ही लिहिलंत. दिवसा काय केलं, ते लिहिलं नाहीत. माझ्या अनुभवात गार्ड फसतो तो बहुतेक वेळा इथेच. रात्रीचं दात खाणं घरच्यांना ऐकू येतं. दिवसाचं आवळणं कुणालाच ऐकू येत नाही. पडद्याकडे बघताना, गाडी चालवताना, राग गिळताना दात एकमेकांवर टेकलेले असतात. विश्रांतीत ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली, अशी स्थिती हवी. दर अर्ध्या तासाने स्वतःला तपासायची आठवण लावा. पहिला आठवडा वैताग येतो. पण बरेच जण तेव्हाच पहिल्यांदा म्हणतात, 'अहो, मी दिवसभर आवळूनच असतो की!'

त्याबरोबर गालावर 15-20 मिनिटं शेक, जबड्याचे व्यायाम जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून, च्युइंगम बंद, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. नैराश्यासाठी एसएसआरआय गटातलं औषध घेत असाल तर त्यामुळेही दात आवळणं वाढू शकतं. ते मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. मोठ्याने घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. गार्डही नीट बघायला हवा. मऊ रबरी गार्ड काहींना आणखी चावायला लावतो. कडक, सगळ्या दातांवर सारखा टेकणारा बरा.

तुमच्या जागी माझा रुग्ण असता तर मी हे सगळं आठ ते बारा आठवडे करून घेतलं असतं, सोबत रोजच्या दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा लिहायला सांगितला असता. त्यानंतरही आकडा हलला नाही आणि दाबल्यावर ओळखीचं दुखणं मॅसेटरमध्येच सापडलं, तर दोन्ही मॅसेटरमध्ये बेताचा डोस, टेंपोरॅलिसमध्ये गरजेपुरता. टोचण्याआधी समोरून, हसताना आणि दात आवळून असे फोटो. कागदावर ब्रँडचं नाव, बॅच क्रमांक, कुठल्या स्नायूत किती युनिट. हा कागद तुम्ही मागून घ्या. डोस सांगायला टाळाटाळ होत असेल तर तिथे घेऊ नका.

इंजेक्शनानंतर चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी. दुखण्याचा आकडा निदान एक तृतीयांशाने तरी उतरला नसेल, तर डोस वाढवत बसण्यापेक्षा मी थांबतो, कारण बहुधा दुखणं त्या स्नायूचं नसतंच. उतरला असेल, तर पुढचे दोन-तीन महिने व्यायामाचे. दुखऱ्या गालाने जे जमत नव्हतं ते आता जमतं. दुसरी फेरी लागलीच तर बारा आठवड्यांच्या आत नाही. घाईघाईने पुन्हा पुन्हा टोचलं की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग ते लागूच पडत नाही. ओसरल्यावर दुखणं अर्धंच परतलं तर डोसही कमी करायचा, किंवा द्यायचाच नाही. दोन फेऱ्यांनंतरही ते जसंच्या तसं परत येत असेल, तर तिसरी सुई भरण्याआधी मी सांध्याचा एमआरआय, झोपेची तपासणी आणि औषधांची यादी पुन्हा समोर घेतो.